छत्रीचा नंबर

परदेशातल्या बालवाडीच्या बायांकडून शिकायचं आहे, असा निरोप आला तेव्हा रोवणी, म्हणजे धानाची लावणी, तोंडावर आली होती. मी मोहाडी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. लग्न होऊन इथेच आले, नोकरीही इथेच लागली. रोवणीच्या दिवसांत गावातल्या सगळ्या बाया धानाच्या बांधीत वाकलेल्या असतात आणि त्यांची मुलं माझ्या खोलीत. अशा वेळी दर शनिवारी आम्हाला मोहाडीला बोलावून भिंतीवरच्या पडद्यात परदेशी बाई दाखवायची कल्पना ज्याला सुचली, त्याने एकही लहान मूल दिवसभर सांभाळलेलं नसणार.

बाई तिकडून इंग्रजीत बोलायची. एका संस्थेची तरुण ताई ते मराठीत सांगायची आणि सांगता सांगता स्वतःच हरखून जायची. पहिली बाई थंड देशातली होती. त्यांच्याकडे मुलांना दुपारी बर्फात, बाहेर बाबागाडीत झोपवतात. माझ्या शेजारची सेविका मोठ्याने म्हणाली, "आमचे पोट्टे मे महिन्यात निंबाखाली झोपतात. तेचा काहून कोनी व्हिडिओ नाई काढत?" हॉल हसला. ताईने ते भाषांतर केलं नाही. दुसऱ्या बाईने चिखलाचं स्वयंपाकघर दाखवलं. मुलांनी चिखल कालवायचा, त्याची भाकरी थापायची, त्यातून मूल शिकतं. आमच्याकडे मुलाला चिखलातून ओढून काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी चहा घेतला आणि खिडकीजवळ जाऊन बसले.

तिसरी बाई जपानची होती. बुटकी, चटपटीत, उगाच न हसणारी. तेवढं एक मला आवडलं. तिच्या व्हिडिओत पाच-पाच वर्षांची मुलं पांढरे एप्रन बांधून एकमेकांना जेवण वाढत होती. पातेल्यातून सूप काढायचं, वाटीत ओतायचं, पुढच्याला द्यायचं. बाई मागे हात बांधून उभी. हॉलमधल्या बायका "अगं बाई, किती गोड!" करत होत्या. मला त्यात गोडबीड काही दिसलं नाही. मला माझ्या मदतनीसची कंबर दिसली. उन्हाळ्यात ती ओल्या ओट्यावरून घसरली होती. खिचडी ती शिजवायची, पण दोन ओळींत बसलेल्या मुलांना वाढायला वाकली की तिला सरळ करायला मी लागायचे. मुलं वाढणार असतील तर माझा रोजचा ताप वाचणार होता. समता, संस्कार यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. हे आधीच सांगते, कारण नंतर लोकांनी तेच माझ्या माथी मारलं.

पुढच्या आठवडी बाजारात मी मोहाडीहून लहान दांड्याचे पळे आणले. शाळेच्या जुन्या गणवेशाचा शर्ट फाडून एक एप्रन शिवला. मुलांना वाचता येत नाही, म्हणून भिंतीवर प्रत्येकाचं एक चित्र चिकटवलं. कोणाचं वांगं, कोणाचा कोंबडा, कोणाची बैलगाडी. ज्याचा वाढायचा नंबर त्याच्या चित्राला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. रोज चिमटा एक घर पुढे सरकणार. ही चिमट्याची युक्तीही त्या बाईचीच.

काम चाललं. मुलं सांडायची, पण मदतनीस सांडायची त्यापेक्षा जास्त नाही. आया दारातून फोटो काढायला लागल्या. आमचं घर एकत्र आहे: थोरल्या जाऊबाई, त्यांचा मुलगा, सून आणि नातू, शिवाय मी आणि माझा नवरा. चूल एक, आणि ती जाऊबाईंच्या ताब्यात. गॅस आहे, पण आम्ही चूलच म्हणतो. त्यांचा चार वर्षांचा नातू माझ्याच अंगणवाडीत. कोंबड्याला चिमटा लागला त्या दिवशी जाऊबाई स्वतः बघायला आल्या. नातू पळा धरून ओळीत फिरला, सगळ्यांना वाढलं, टोलीवरच्या मुलीलाही वाढलं. जाऊबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मुलाने फोटो स्टेटसला ठेवला.

टोली म्हणजे तलावापलीकडची वस्ती. जात लिहीत नाही. कळायचं त्यांना टोली म्हटल्यावर कळतं. टोलीवरच्यांच्या हातचं गावात कोणी खात नाही. असं कोणी बोलत मात्र नाही. गावच्या लग्नात त्यांनाही बोलावणं असतं, फक्त त्यांची पंगत शेवटची असते आणि वाढपी ठरलेल्या घरचे. तिथून माझ्याकडे येणाऱ्या मुलांत एक पाच वर्षांची मुलगी होती, बोलायला कडक. कोणी ओळीत वाकडं बसलं की आधी ती ओरडायची, मग मी. तिचं चित्र छत्रीचं होतं, आणि टोलीवरच्यांत पहिला नंबर तिचाच येणार होता. चिमटा सरकत सरकत छत्रीच्या अलीकडच्या घरावर, वांग्यावर आला, त्या दुपारी चार-पाच आया दारात उभ्या राहिल्या. पुढे जाऊबाई.

"उद्या छत्रीचा नंबर हाये का वो?" एकीने विचारलं.

"हो."

"तिचं नाक वाहते, म्याडम."

"पुसेन."

"एप्रन एकच ना? तोच मंग आमच्या लेकराच्या गळ्यात?"

"प्रत्येकाचा वेगळा शिवते. आज रात्री."

"गरम खिचडी हाये. लहान पोट्टी. एखाद्याच्या अंगावर सांडली म्हंजे?"

"वांग्याच्या हातून आज सांडली, तेव्हा कोणी आलं नाही."

टोलीचं नाव कोणीच काढलं नाही. बोललं तर केस होते हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून सगळं गाव त्या मुलीच्या नाकाबद्दल बोलत होतं. मी खरोखर प्रत्येकाला एप्रन शिवायला बसले. शिलाई मशीनचा आवाज ऐकून जाऊबाई दारात आल्या.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "सरळ सांगतो. माहा नातू तिच्या हातचं खानार नाई."

"परवा त्यानं तिले वाढलं, तवा तुमी टाळ्या वाजवल्या."

"देनं येगळं, घेनं येगळं. इतकं बी नाई समजत? पोट्ट्याइले शिकवते कायची मंग तू?"

नवरा भिंतीकडे तोंड करून झोपला होता. झोपलेला माणूस इतका स्थिर राहत नाही.

दुसऱ्या दिवशी टोलीवरची मुलं आली, मदतनीसची नात आली आणि बाकी कोणी नाही. प्रत्येक घरी ताप. हिशेब सरळ होता: एक दिवस मूल घरी ठेवायचं, छत्री वाढून मोकळी होईल, चिमटा पुढे जाईल, परवापासून सगळं सुरळीत. मी त्यांच्यातच राहते, मला तो हिशेब कळायला वेळ लागला नाही. मी त्या मुलीला सांगितलं की आज पुरेशी मुलं नाहीत, तुझा नंबर उद्या. मदतनीस स्टुलावर बसली, मुलं तिच्यापुढे रांगेने ताट घेऊन गेली. चिमटा छत्रीवरच राहिला.

तो पुढे कितीतरी दिवस तिथेच राहिला. मुलांची उपस्थिती कमी, कारण ताप उतरेना. मुलगी रोज सकाळी येऊन भिंतीकडे बघायची, चिमटा आपल्याच चित्रावर आहे याची खात्री करायची, एप्रन काढून गळ्यात घालायची आणि गाठ मारायला माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. मी गाठ मारायचे. दुपारी सोडायचे. "म्याडम, सगळ्याइले अजून ताप हाये का?" तिने एकदा विचारलं. मी म्हणाले, हो. दुसरं काय सांगणार.

पर्यवेक्षिका मॅडमचा फोन आला. "अहो, मधला मार्ग काढा ना. तिला ताटं मांडायला द्या. नाहीतर हात धुताना साबण धरायला. तेही कामच आहे."

"मॅडम, तुमच्या मुलाला साबण धरायला दिला असता तर?"

"माझ्यावर चढू नका. हजेरी अशीच राहिली तर मला वर सांगावं लागेल, आणि तुमची अंगणवाडी शेजारच्याला जोडतील."

मग मुलीची आई आली. मला वाटलं होतं, निदान ही बाजूने असेल. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. कामावरून आली होती, पायांना चिखल.

"म्याडम, माही पोट्टी कायले पुढं करता?"

"पुढे कोण करतंय? तिचा नंबर आहे."

"नंबर तुमी लावला. आमी नव्हतं मांगितलं. ज्यांच्या बांधीत मी रोवनीले जातो, त्याच बाया मले आता परक्या नजरेनं पाहून राहिल्या. तुमच्या घरी धान हाये. माह्या घरी हात हायेत. तो चिमटा हलवा तुमी."

"हलवला तर ती विचारेल, माझा नंबर कुठे गेला. काय सांगू?"

"ते मी सांगीन," ती म्हणाली. "आमाले सांगाले लागतेच कधी ना कधी. माह्या मायनं मले सांगतलं होतं."

ती गेली. मला तिचाही राग आला, आणि ती बरोबर बोलत होती याचाही. मी चिमटा हलवला नाही. त्यात मोठेपणा नव्हता. मला दारात येऊन सांगितलं की मी करत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि माझ्या सासूने जिवंतपणी त्यासाठी मला पुष्कळ बोलून घेतलं आहे.

शेवटी त्यांचा संप मोडला तो रोवणीने. धानाच्या रोपांचे पऱ्हे लावण्याजोगे झाले, बांध्यांत पाणी भरलं, बायांना पहाटेपासून जावं लागलं. मूल घरी ठेवणार कोणापाशी? एकेक करून सगळी मुलं परत आली, आणि प्रत्येकाच्या हातात घरचा डबा. "आमचा खिचडी नाई खात, तेले पोटात दुखते." सगळ्या गावाच्या पोटात एकाच वेळी दुखायला लागलं होतं. जाऊबाईंच्या नातवाच्या डब्यात भात आणि वरण, वर लोणच्याची फोड. तो डबा जाऊबाईंनी माझ्यासमोर भरला, झाकण दाबून बंद केलं आणि माझ्याच हातात दिला.

आता मुलं होती. नंबर पुढे चालवता आला असता. पण छत्री भरलेलं पातेलं घेऊन ओळीत फिरणार आणि एकेक मूल डब्याचं झाकण उघडणार, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. म्हणून मी अजून एक दिवस, अजून एक दिवस करत राहिले.

शनिवारी मोहाडीला पडद्यावर पुन्हा तीच जपानची बाई. शेवटी ताईने विचारलं, कोणाला प्रश्न? मी उभी राहिले. म्हणाले, "त्यांना विचार, एका मुलीने वाढलेलं कोणी घेतलंच नाही, तर तुम्ही काय करता?"

ताई जरा घुटमळली, मग तिने इंग्रजीत सांगितलं. मग बाई बोलली आणि ताईने खाली बघत सांगितलं, "त्या विचारतायत, तुम्ही स्वतः तिच्यासमोर ताट धरलंत तेव्हा काय झालं?"

आमच्या तालुक्यात कोणती सेविका अंगणवाडीत जेवते? मुलांचं आटोपलं की आम्ही घरी जाऊन जेवतो. चव घेतली तर चमच्याने तळहातावर.

"सांग त्यांना, आम्ही तिथे जेवत नाही."

ताईने सांगितलं. बाईने मान जरा वाकडी केली. तिला ते खरंच समजलं नव्हतं. "मग," ताई म्हणाली, "मुलं कोणाकडे बघून जेवतात?"

मला त्या बाईचा असा राग आला की तिथल्या तिथे पडदा ओढावासा वाटला. तिच्याकडे टोली नाही, जाऊबाई नाहीत, एकत्र चूल नाही. तिचं काय जातं विचारायला? शेजारची सेविका कुजबुजली, "बस ना वो खाली. त्या बाईले आपलं काय मालूम?" मी बसले. घरी जाताना सगळ्या रस्त्याने मी तिला मनात शिव्या घातल्या. राग अजूनही आहे. पण प्रश्न तिने बरोबर जागी विचारला होता. इतके दिवस मी आयांच्या नाकावर टिच्चून चिमटा धरून ठेवला होता, आणि माझं स्वतःचं ताट जाऊबाईंच्या चुलीपाशी सुरक्षित होतं.

सोमवारी मी घरातलं माझं ताट पिशवीत घातलं. माहेरचं स्टीलचं ताट, काठावर लग्नात नाव घातलेलं. जाऊबाईंना न दिसता आमच्या घरातून एक चमचाही जात नाही.

"ताट कोठी नेऊन राहिली?"

"तिकडं जेवाले."

"घरी का उपाशी ठेवतो का तुले?"

"आज छत्रीचा नंबर हाये."

त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं. "पाहून घे," त्या एवढंच म्हणाल्या.

दुपारी मी ओळीत, वांगं आणि कोंबडा यांच्या मधोमध बसले. मुलांना फार गंमत वाटली. म्याडम खाली बसल्या! मुलीच्या एप्रनची गाठ मारून झाली होती. तिने दोन्ही हातांनी पातेलं सरकवत आणलं, पळा बुडवला. पहिली टोलीवरची मुलं, त्यांनी घेतलं. नंतर दोन डबे उघडले गेले, झाकणांचा आवाज आला. ती तिथे जरा थांबली, डब्यात डोकावली आणि पुढे सरकली. माझ्यापर्यंत आली.

मी ताट धरलं. उगाच कशाला खोटं लिहू, ताट मी अंगाकडे ओढून तिरपं धरलं होतं. पन्नाशीला आलेल्या बाईच्या अंगात काय काय मुरलेलं असतं ते अशा वेळी समजतं.

"म्याडम, ताट सरळ धरा," ती म्हणाली. "सांडते मंग."

मी सरळ धरलं. तिने एक पळा वाढला, बघितलं, अर्धा आणखी घातला. मी जेवले. खिचडीत मीठ कमी होतं, आणि ते मी मदतनीसला तिथेच सांगितलं.

चमत्कार झाला नाही. मदतनीस स्टुलावर बसून राहिली. मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "माह्यानं नाई होनार, बाई. तुमी म्हनसान तं नोकरी सोडतो." मी म्हणाले, सोडू नकोस, मीठ नीट घाल. डबेवाल्यांपैकी तीन मुलांनी डबा बाजूला सारून ताट पुढे केलं, कारण म्याडमच्या ताटात आहे ते त्यांनाही हवं होतं. बाकीच्यांनी डबा खाल्ला. जाऊबाईंच्या नातवाने लोणच्याची फोड चोखली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिला. घरी जाऊन सगळं सांगणार हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. जेवण झाल्यावर मुलीने स्वतःच चिमटा काढला आणि बैलगाडीवर लावला. तिला तो नीट लागला नाही, पुन्हा लावला. मग एप्रन सोडायला पाठ करून उभी राहिली.

मी घरी पोहोचायच्या आधी बातमी पोहोचली होती. ओसरीवर माझा तांब्या आणि पेला मांडून ठेवलेला. जाऊबाई आतल्या दारात.

"ते ताट आत नको आनू."

"का?"

"काहून ते तुले मालूम हाये."

"मग मीबी आत नको येऊ का?"

"तुह्या घरात तू ये. चुलीपाशी नको येऊ."

नवरा म्हणाला, "तुमचं तुमी पाहा." हे वाक्य तो लग्नापासून म्हणत आला आहे. मी पाहिलं. त्याच आठवड्यात मागच्या पडवीत दुसरी शेगडी लावून घेतली, माहेरून दोन पातेली आणली आणि दोघांचा स्वयंपाक वेगळा केला. दोघांना किती लागतं! जाऊबाईंना वाटलं होतं मी चार दिवसांत रडत येईन. चार माणसांच्या पोळ्या लाटायच्या सुटल्या हे मी त्यांना सांगितलं नाही, पण पहिले काही दिवस मला तेच सुख होतं. दुःख नंतर आलं, सणाला, वास एका चुलीवरून येत होता आणि बसायचं दुसरीपाशी होतं.

मोहाडीच्या हॉलमध्ये आता माझ्या अंगणवाडीचं नाव चांगल्यासाठी घेतात. ज्या पर्यवेक्षिका मॅडमनी साबण धरायला सांगितला होता त्याच सगळ्यांना घेऊन आल्या, "जपानी पद्धत" म्हणून. संस्थेच्या ताईला छत्रीच्या मुलीचा फोटो हवा होता. मी मुलीच्या आईला निरोप पाठवला. तिचा उलटा निरोप आला, फोटो नको. मी ताईला तेवढंच सांगितलं. ताईला वाईट वाटलं. वाटू दे.

ती आई अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. त्या रोवणीत दोन घरांनी तिला कामाला बोलावलं नाही. माझ्या नवऱ्याने बोलावलं, मी न सांगता. त्याने केलेलं तेवढं एक काम मी इथे लिहून ठेवते.

यंदा पोळ्याच्या आधी जाऊबाईंनी सुनेबरोबर निरोप पाठवला. ताट राखेनं घास, निखाऱ्यावरून तीनदा फिरव आणि आत आण, म्हणजे चूल पुन्हा एक करू. आमच्याकडे भांडं असं आगीने शुद्ध करतात. त्यांच्या बाजूने ते फार होतं, हे मला माहीत आहे. त्यांनी आयुष्यात कोणालाच निरोप पाठवून बोलावलेलं नाही. सून दारात उभी राहून उत्तराची वाट बघत होती.

"काय सांगू, काकी?"

"सांग, ताट घरी नाहीये."

आणि ते खरंच नव्हतं. ते अंगणवाडीत मुलांच्या ताटांबरोबर पालथं असतं. मदतनीस साबणाने घासते, बाकीच्यांसारखंच. निखाऱ्यावरून ते काही जाणार नाही. मुलगी आता पहिलीत गेली, छत्रीच्या जागी नवीन मुलाचं चित्र आलं आहे. टोलीवरच्या मुलाचा नंबर असला की अजूनही काही डबे येतात. परवा कोंबड्याचा नंबर होता. जाऊबाईंचा नातू पळा घेऊन माझ्यासमोर आला, ओठ आवळून, आजीसारखा.

"ताट सरळ धर," तो म्हणाला.

मी धरलं.